आत्ताच उडाला!

ठाणे जिल्ह्यात थंडी आधी वर्तमानपत्रात पडते आणि मग अंगाला लागते. 'बदलापूर गारठले' असा मथळा आला की डोंबिवलीकर खिडकी उघडतो, हात बाहेर काढून हवा चाचपतो आणि घरात जाहीर करतो, "जाणवतोय हं गारवा." पारा सतरावर असतो. एखाद्या काश्मिरी माणसाने याच हवेत पंखा लावला असता. आम्ही मात्र मनालीच्या सहलीत घासाघीस करून घेतलेला स्वेटर माळ्यावरून काढतो, माकडटोपी शोधतो आणि वर्षभर डांबराच्या गोळ्यांत मुरलेल्या त्या लोकरीत शिरून स्वतःला हिमालयाच्या पायथ्याशी समजू लागतो. हे वैभव फार तर दोन-तीन आठवडे टिकतं. शेकोटी, हुरडा, आल्याचा चहा, सर्दी असं जे काय करायचं ते तेवढ्यात उरकावं लागतं.

याच दिवसांत सैबेरिया, मध्य आशिया, लडाख अशा खऱ्याखुऱ्या थंड मुलखांतून काही पक्षी ऊब शोधत आमच्याकडे येतात. जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा नीलकंठी पक्षी डोंगर आणि वाळवंटं ओलांडून डोंबिवलीच्या खाडीकाठी चिखलात उतरतो आणि शेपटी वर करून किडे टिपू लागतो. त्याच्या दृष्टीने ही उन्हाळी सुट्टी. आणि ती बघायला समोर तीन माणसं स्वेटर, मफलर, कानटोपी घालून कुडकुडत उभी. आपण चुकीच्या गावी उतरलो असं त्याला वाटत असणार.

बघायला म्हणालो खरं, पण बघणं आता मागे पडलं. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली निघालं. त्यानंतर कैक वर्षं लोक दुर्बीण आणि वही घेऊन जात, पक्षी बघत, टिपण करत आणि घरी येऊन जेवत. आता नियम असा आहे की फोटो नसेल तर पक्षी नाही. "मी काल नवरंग पाहिला" असं आमच्या ग्रुपवर कोणी लिहिलं, तर अभिनंदनाच्या आधी "फोटो?" हा एकच शब्द येतो. त्यानंतर जर शांतता पसरली, तर तो मनुष्य पुढचे काही महिने नजरेला नजर देत नाही.

आमच्या मंडळात तिघे. एक गुरुजी. हे बँकेतून निवृत्त झालेले. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' त्यांना पान क्रमांकासकट पाठ आहे आणि पक्ष्यांची यादी ते खातेवहीसारखी ठेवतात. दिवसअखेर ताळा जुळला नाही तर जागचे उठत नाहीत. अंगात डोक्यापासून बुटांपर्यंत लष्करी ठिपक्यांचा पोशाख, हेतू हा की झाडीत दिसू नये. झाडीत ते खरोखरच दिसत नाहीत, आम्हालाही नाही. पण झाडीपर्यंत पोचण्याआधी पूर्ण डोंबिवली पश्चिम ओलांडावी लागते आणि तिथे असा पोशाख केलेला दुसरा कोणी नसल्यामुळे गल्लीबोळांतली कुत्री त्यांना झाडीपर्यंत पोचवायला येतात.

दुसरा लेन्सवाला. हा आयटीत आहे. दीडशे ते सहाशेची दोन किलोची लेन्स त्याने हप्त्यावर घेतली आहे, म्हणजे पक्ष्याच्या वजनाच्या शंभरपट. लेन्सची घरी सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांत एका शून्याचा फरक आहे आणि बिल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद आहे. तिसरा मी. माझ्याकडे साधा ब्रिज कॅमेरा आहे. त्यातून चंद्रावरचे खड्डे स्वच्छ दिसतात, समोरच्या बाभळीवरचा पक्षी दिसत नाही. यंत्राला बाभूळच जास्त आवडते. माझ्याकडे बाभळीच्या काट्यांचा जो संग्रह आहे तो एखाद्या वनस्पतिशास्त्र विभागाला हेवा वाटावा असा आहे. प्रत्येक काटा सुस्पष्ट, आणि मागे धूसर काहीतरी. त्या धूसर भागाला आम्ही 'रेकॉर्ड शॉट' म्हणतो.

रविवारी पहाटे आम्ही सातपुलाला पोचलो. सातपूल म्हणजे डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीच्या अंगाचा पट्टा: कांदळवन, पाणकणीस, डबकी, आणि पाठीमागे वाढत्या इमारती. धुकं होतं. ते धुकं की धूर याबद्दल आमच्या गावात मतभेद असतात, कारण इथे २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडलेला आहे. आकाशातून काय खाली येईल यावर डोंबिवलीकर पैज लावत नाही. गुरुजींनी तोंडावर बोट ठेवलं. आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. लेन्सवाल्याने नाक उडवलं आणि माझ्याकडे वळून कुजबुजला, "तुझ्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास येतोय. म्हणून पक्षी येत नाहीयेत."

"पक्ष्यांना वास येतो?"

"मला येतोय."

मला वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं करण्यात आलं. तिथे डास होते.

ट्रायपॉड लावून दहा मिनिटं झाली असतील-नसतील, तोच मिसरी लावत एक काका आले. त्यांनी ट्रायपॉड पाहिला, लेन्स पाहिली, ती ज्या मोकळ्या जमिनीकडे रोखलेली होती ती जमीन पाहिली, आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख पटल्याची चमक आली.

"सर्व्हे चाललाय का?"

"नाही हो काका, पक्षी बघतोय."

"बघा, बघा. किती मजली?"

"पक्षी! पाखरं!"

"ते झालंच. पन पार्किंग देनार का नाय?"

गुरुजींचा शिक्षकी पिंड जागा झाला. बँकेत असूनही त्यांना गुरुजी म्हणतात ते उगाच नाही. ते पुढे सरसावले आणि तारेवर बसलेल्या गप्पीदासाकडे बोट दाखवून म्हणाले, "तो बघा, तो छोटा पक्षी. हा आपल्याकडचा नाही. पार रशियाकडून येतो."

काकांनी मान डोलावली. "म्हंजे बाहेरचा बिल्डर."

तोपर्यंत आणखी चार-पाच जण जमले होते. एकाने दर विचारला. दुसऱ्याने त्याला सांगितलं की आत्ता बुकिंग केलं तर स्वस्तात मिळतं, ताबा मात्र कधी मिळेल ते विचारून घे. दूध टाकायला निघालेल्या एका मुलाने लेन्सवाल्याचा फोन नंबर मागून घेतला आणि आपल्या मामाला दोन खोल्या हव्या आहेत असं सांगितलं. त्या मामाचा फोन अजूनही अधूनमधून येतो. लेन्सवाला आता त्याला "काम सुरू आहे" एवढंच सांगतो. खोटं म्हणता येणार नाही, कारण कल्याण-डोंबिवलीत कुठे ना कुठे सुरू असतंच. मोकळ्या जमिनीकडे टक लावून बघणारा माणूस हा बिल्डरचाच असतो, हा काकांचा आयुष्यभराचा अनुभव. तो खोडून काढायला आमच्याकडे तीन कॅमेरे आणि एक गप्पीदास एवढाच पुरावा होता. तेवढ्या गर्दीत गप्पीदासही निघून गेला.

आता या छंदातलं सगळ्यात मोठं दुःख सांगतो. ते म्हणजे आधी येऊन गेलेला माणूस. तुम्ही कितीही पहाटे उठा, तो तुमच्या आधी आलेला असतो. तुम्ही आत शिरत असता आणि तो बाहेर पडत असतो, कॅमेरा पिशवीत, चेहऱ्यावर तृप्ती.

"काय मिळालं?" आपण विचारतो. विचारू नये, पण विचारतो.

"विशेष काही नाही हो." ही प्रस्तावना असते. "एक फटाकडी बसली होती. अगदी उघड्यावर. कोवळ्या उन्हात. पंख पसरून दाखवले, पाणी प्यायली, आंघोळ केली. कार्ड भरलं शेवटी. आत्ताच उडाली."

आता फटाकडी हा पाणकणसात लपून राहणारा इतका लाजाळू पक्षी आहे, की वर्षभर शोधून शेपटीचं टोक दिसलं तरी लोक पेढे वाटतात. पण आधी येऊन गेलेल्या माणसासमोर ती आंघोळ करते. बरं, कुठे बसली होती असं विचारलं, तर "खाडीकडे" असं उत्तर मिळतं. खाडी कल्याणपासून वसईपर्यंत पसरली आहे. जास्त खोदून विचारलं, तर हा सद्गृहस्थ आकाशाकडे बघून म्हणतो, "आता उजेड हार्श झालाय, आता काही नाही मिळायचं." सकाळचे साडेसात वाजलेले असतात. "तीन तास उभा होतो, डास चावले, काही दिसलं नाही," असं म्हणणारा पक्षिछायाचित्रकार हा फटाकडीहून दुर्मीळ. त्याचा फोटो अजून कोणाला मिळालेला नाही.

असा एक सद्गृहस्थ आम्हालाही भेटला आणि फटाकडीचं नाव घेऊन गेला. लेन्सवाला अस्वस्थ झाला. त्याने खिशातून मोबाइल काढला. त्यात फटाकडीचा आवाज होता.

गुरुजी कडाडले, अर्थात कुजबुजत. "हे तत्त्वात बसत नाही. आपल्या हद्दीत दुसरा कोणी आला असं समजून बिचारा पक्षी खाणंपिणं सोडून भांडायला धावतो. शक्ती वाया जाते त्याची."

"एकदाच, गुरुजी."

त्याने एकदाच वाजवला. वरून खाली घसरत येणारी, थरथरती शीळ. ती विरली. डास गुणगुणले. आणि पाणकणसाच्या पलीकडून, अगदी स्पष्ट, तशीच शीळ परत आली.

गुरुजींचं तत्त्व जागच्या जागी विरघळलं. "परत लाव," ते म्हणाले. "जरा मोठ्याने."

परत उत्तर आलं. आता थोडं जवळून. मग जे सुरू झालं त्याला युद्धनीती हा एकच शब्द आहे. गुरुजी आघाडीला, कोपरांवर सरपटत. ठिपक्यांच्या पोशाखाचं पहिल्यांदाच सार्थक होत होतं. त्यांच्यामागे लेन्सवाला, लेन्स छातीशी धरून गुडघ्यांवर. मागे मी, उलट वाऱ्यात, स्वेटरसकट. चिखल आधी घोट्याला लागला, मग गुडघ्याला, मग मनालीच्या नक्षीला. इकडून शीळ, तिकडून शीळ. तिकडची चिडत चालली होती. गुरुजी आनंदाने थरथरत होते. "नर आहे," त्यांनी खुणेने सांगितलं. "तापलाय."

पाणकणसाची शेवटची रांग हलली. लेन्सवाल्याचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो या वेगाने धडधडू लागला. समोरूनही धडधड ऐकू आली. आणि कणसं बाजूला सारून चिखलाने माखलेली एक माकडटोपी बाहेर आली. टोपीखाली मिशी होती. हातात मोबाइल होता. त्यातून शीळ चालू होती.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. दोन मोबाइल तेवढे एकमेकांवर हद्दीवरून ओरडत राहिले.

"तुम्ही होय," तो म्हणाला.

"तुम्ही कधीपासून?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्ही सर्व्हेवरून लोकांशी बोलत होता तेव्हापासून." त्याने कोपराचा चिखल पुसला, आमच्याकडे कीव करून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही यायच्या आधी खरी होती. आत्ताच उडाली."

त्याने काढलेल्या फोटोंत गुरुजी फार छान आले आहेत. डोळा अगदी शार्प.

तिथून लेन्सवाल्याच्या गाडीने कल्याण. जागेवर वर्तमानपत्रं पसरून आम्हाला बसवण्यात आलं. ज्या दुर्गाडीच्या काठाशी शिवाजी महाराजांनी स्वराज्याच्या आरमाराचा पाया घातला, त्या काठावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात आणि माणसं त्यांना गाठी-शेव घालतात. एवढ्या लांबून आलेला पाहुणा उपाशी कसा जाऊ द्यायचा, हा कल्याणकराचा बाणा. तळलेलं पक्ष्यांना सोसत नाही, त्यांचं अन्न मासे आहे, असं गुरुजींनी एका पुडीवाल्याला सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, माल ताजा आहे." गुरुजींनी निषेध म्हणून एक पुडी विकत घेतली आणि पक्ष्यांना एक कणही न देता स्वतःच संपवली.

इथे एकदाचे पक्षी मिळाले. मिळाले म्हणजे अंगावर आले. हात लांब केला तर चोच लागेल इतके जवळ. आणि तिथेच लेन्सवाल्याची ती अभागी लेन्स रुसली. सहाशेची लेन्स फार जवळचं बघत नाही. दोन-तीन मीटरच्या आत काही आलं की ती नुसती मागेपुढे गुरगुरते. तो फोकस मिळावा म्हणून मागे सरकू लागला, पक्षी शेवेच्या आशेने त्याच्याबरोबर पुढे सरकू लागले, आणि अशा रीतीने तो रस्त्यापर्यंत पोचला. शेजारी एका कॉलेजातल्या मुलीने फोन वर धरला, न बघता बटण दाबलं आणि पंख पसरलेला, डोळ्यात चमक असलेला, पार्श्वभूमीला सोनेरी पाणी असलेला कुरव टिपला. मग तिने तो पुसून टाकला. "माझे डोळे मिटलेत यात," ती मैत्रिणीला म्हणाली. लेन्सवाल्याला आम्ही दोन्ही बाजूंनी धरून गाडीत बसवलं.

ऐरोलीला जायचं ठरलं होतं. ठाणे खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाली, २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आणि ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने जाऊन थवे जवळून बघता येतात. हे सगळं आम्हाला माहीत होतं. मधे कल्याण-शीळ रस्ता आहे हेही माहीत होतं, पण माणूस आशेवर जगतो. शीळफाट्याच्या अलीकडे जी गाडी थांबली ती थांबलीच. लेन्सवाल्याने इंजिन बंद केलं आणि गुरुजींनी वही उघडली. खिडकीतून त्यांनी घारी मोजल्या, वेडे राघू मोजले, कोतवाल, साळुंक्या, गायबगळे, एक शिक्रा. दिवसातली सर्वांत भरघोस यादी शीळ रस्त्यावर झाली. लेन्सवाल्याने आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप चालू केलं, तर त्याने शेजारच्या रिक्षाच्या हॉर्नला 'कोकीळ, मादी' असा निकाल दिला. मग हाताच्या अंतरावर, रस्त्याच्या कामाच्या बॅरिकेडवर एक खंड्या येऊन बसला. चोचीत खेकडा. उन्हात निळा, चमकदार. तिन्ही कॅमेरे डिकीत होते. लेन्सवाला दार उघडून उतरला आणि त्याच क्षणी वाहतूक सुरू झाली. मागच्या ट्रकवाल्याने जे म्हटलं ते पक्षिकोशात नाही.

ऐरोलीची बोट भरती-ओहोटीच्या हिशेबाने सुटते. समुद्राला शीळफाटा ठाऊक नाही. धक्क्यावरच्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आत्ताच गेली." दूर चिखलावर एक अस्पष्ट गुलाबी रेघ दिसत होती. गुरुजी म्हणाले की रोहित जन्मतः राखाडी असतो. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्याला हा रंग चढतो. यावर आम्हा डोंबिवलीकरांना फारसं नवल वाटलं नाही. २०२० साली एमआयडीसीतला आमचा एक रस्ताच गुलाबी झाला होता, आणि त्याने काही खाल्लंही नव्हतं.

रिकाम्या कार्डाने घरी जाणं शक्य नव्हतं. घरच्यांचं सोडा, ग्रुपला काय तोंड दाखवणार? नवी मुंबईत चौकाचौकांत रोहित पक्ष्यांचे पुतळे आहेत. परतताना सिग्नलला त्यातला एक दिसला. तो उडाला नाही. मागे सरकला नाही. त्याने मान झुडपात घातली नाही. लेन्सवाल्याने गाडी कडेला घेतली, सहाशेची लेन्स लावली, आणि मावळत्या उन्हात असा फोटो काढला की बघत राहावं. खाली मजकूर काही न लिहिता ग्रुपवर टाकला.

पहिल्या मिनिटात अंगठे आले. मग प्रश्न. "वा! शटर स्पीड किती?" "डोळ्यावर फोकस कसा धरलास?" "पोझ बघा, अस्सल जंगली." एकाने लिहिलं, "मी गेलो होतो तेव्हा याने मान वळवली होती. आत्ताच उडाला होता तुम्ही आलात तेव्हा." आणखी एकाने लोकेशन विचारलं. लेन्सवाल्याने क्षणभर विचार केला आणि उत्तर टाईप केलं: "खाडीकडे."

हंगाम मार्चअखेरपर्यंत आहे, आणि रोहित तर मेपर्यंत थांबतात. तेव्हा या. डोंबिवली पश्चिमेहून रिक्षा मिळते, मिसरीवाले काका दर सांगतील. दुर्बीण असली तर आणा, नसली तरी चालेल. स्वेटर दोन दिवस उन्हात टाकून आणा. मोबाइलमधला फटाकडीचा आवाज मात्र घरूनच पुसून या. त्या पाणकणसात सध्या त्याला फक्त माणसंच उत्तर देतात.